पाच किलो जाडं मीठ: कशाला वापरावं, कशाला नाही?

करवंदी

घरात मिठागराचं जाडं मीठ आलंय, पाच किलो. रस्त्यालगत उघड्या गोणीतून विकतात ते. खडे मोठे, रंग जरासा करडा, हाताला ओलसर आणि तोंडात टाकलं की शेवटी किंचित कडवट. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. हे घरच्या घरी स्वच्छ कसं करायचं?
२. लोणच्याच्या कृतीत "एक वाटी मीठ" लिहितात. ती वाटी बारीक मिठाची की जाड्याची? वजनात सांगितलंत तर उपकार होतील.
३. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनवाल्याऐवजी हेच वापरलं तर चालतं का?
४. तांब्याची भांडी, कुंडीतली झाडं, आइस्क्रीमचा पॉट असं बरंच ऐकलंय. त्यातलं खरं किती आणि नुसतं फॉरवर्ड किती?

खारेपाट

पहिला प्रश्न घेतो.

कडवटपणा आणि ओलसरपणा, दोन्हीचं मूळ एकच आहे: मॅग्नेशियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात. आगरात ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवत नेतात. खाराची (म्हणजे या दाट खाऱ्या पाण्याची) घनता साधारण २५ अंश बोमेला (बोमे हे घनता मोजायचं माप) पोचली की मीठ खाली बसायला लागतं. ३०च्या पुढे गेलं की मॅग्नेशियमचे क्षारही त्यात जास्त मिसळू लागतात, म्हणून त्याआधी मीठ ओढून घेतात आणि उरलेलं कडू पाणी सोडून देतात. ओढलेल्या मिठाचा ढीग नीट निथळू दिला नाही, तर खड्यांना चिकटलेलं कडू पाणी तसंच राहतं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी खेचतं, म्हणून पावसाळ्यात बरणीला पाणी सुटतं. म्हणूनच मुरलेलं, म्हणजे एखादा हंगाम ढिगात राहिलेलं मीठ लोणच्याला चांगलं मानतात.

धुवायचं असेल तर साध्या पाण्यात अजिबात नको, मीठच वाहून जाईल. मीठ धुवायचं ते खारातच. एक लीटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. त्याहून थोडं जास्त टाका, ढवळा. तळाला चार खडे न विरघळता राहिले की खार पुरता झाला. तो पंच्यातून गाळून घ्या. मग दोन किलो खडे भोकांच्या चाळणीत घेऊन त्या खारात बुडवा आणि हाताने हलवा. खारात आणखी मीठ मावत नाही, त्यामुळे खडे विरघळत नाहीत; माती-रेती खाली उतरते आणि वरचं मॅग्नेशियम धुऊन निघतं. खार गढूळ झाला की नवा घेऊन पुन्हा एकदा. चाळणी तिरपी ठेवून दोन-तीन तास निथळू द्या, मग फडक्यावर पसरून दोन कडक उन्हं. मोठ्या मीठ-धुलाईत तत्त्व हेच असतं, फक्त यंत्रं मोठी.

भाजायचं असेल तर स्टीलच्या जाड पातेल्यात, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. लोखंडी कढईत भाजलं तर मीठ गंजाने तांबूस होतं, आणि ॲल्युमिनियमला मिठाने खड्डे पडतात. झाकण अर्धवट ठेवाच. खड्यांच्या पोटात खाराचे बारीक थेंब अडकलेले असतात, तापले की वाफ होऊन खडा फोडतात. ते तडतडणं हेच, आणि उडालेला कण डोळ्यात जाऊ शकतो.

पाटावरवंटा

लोणच्याचं मी सांगते.

वाटी विसरा, काटा काढा. १५० मिलीच्या वाटीत बारीक मीठ १८० ग्रॅमच्या आसपास बसतं, जाडं मात्र १३५ ते १५०, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. जुन्या कृतीतली वाटी बहुधा जाड्याचीच असते. तिथे बारीक मीठ भरलं की लोणचं खारट. उलट बारीक मिठाची कृती जाड्याने केली की पहिल्या पावसात बुरशी. चहाच्या चमच्यालाही हाच फरक: बारीक सहा ग्रॅम, जाडं चार ते पाच.

एक किलो कैरीच्या फोडींना (कोयीचं कवच धरून नव्हे, निव्वळ फोडी) १५० ते १७५ ग्रॅम मीठ. हिशोब असा करायचा: मीठ तेलात विरघळत नाही, फोडीतल्या पाण्यात विरघळतं. कैरीत साधारण ८५ टक्के पाणी, म्हणजे किलोला ८५० ग्रॅम. त्यात १६० ग्रॅम मीठ गेलं की पाण्याच्या अंशात सोळा टक्क्यांच्या जवळ पोचतं. तेवढ्यात बहुतेक जंतू तग धरत नाहीत, आणि उरलेलं काम कैरीची आंबटाई करते. तेल वाढवलं म्हणून मीठ कमी करता येत नाही. ही चूक "कमी खारट, जास्त तेलाचं" लोणचं करणाऱ्यांकडून हमखास होते.

फोडी धुऊन फडक्यावर पुसून कोरड्या कराव्यात, मग मीठ आणि हळद चोळून सात-आठ तास झाकून ठेवाव्यात. फडकं स्वच्छ हवं, कपाटातलं दमट नको. मीठ भाजून गार केलेलं असावं. गरम मिठाने फोडी मऊ पडतात.

खारातल्या मिरच्या, आवळे किंवा कैऱ्या यांचं गणित वेगळं आणि तिथेच लोक फसतात. एक लीटर पाण्यात १५० ग्रॅम मीठ घालून खार केला आणि त्यात एक किलो कैऱ्या सोडल्या, तर कैरीतलं पाणी मिसळून आठवड्याभरात खार साडेसात टक्क्यांवर येतो. वर पांढरी साय धरते ती यामुळे. एक लीटर पाणी आणि एक किलो कैरी असेल तर २७० ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, तेव्हा कुठे शेवटी बारा-तेरा टक्के राहतात. काटा नसेल तर ताजं अंडं सोडून बघा: साधारण दहा-अकरा टक्क्यांवर ते तरंगू लागतं. शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आणि ही परीक्षा आठ दिवसांनी पुन्हा करा, पहिल्या दिवशीची उपयोगाची नाही. तेव्हा थोडा खार वेगळा काढून त्यात अंडं सोडा आणि तो खार मग टाकून द्या.

करवंदी

धन्यवाद, हे वजनाचं गणित कुठेच मिळत नव्हतं. एक शंका: सात-आठ तासांत फोडींना जे पाणी सुटतं, ते ओतून टाकायचं का? बऱ्याच कृतींत फोडी "निथळून" घ्या म्हटलंय.

पाटावरवंटा

निथळून घ्यायच्या असतील तर त्या पाण्याबरोबर गेलेलं मीठ पुन्हा मोजून घालावं लागतं, नाहीतर १६० ग्रॅमचे ११०-१२० कधी झाले ते कळत नाही. सोपा मार्ग म्हणजे पाणी ठेवायचं आणि मसाल्याला तेच पाजायचं. मोहरीची डाळ आणि मेथी ते पिऊन फुगतात, खार दाट होतो. निथळलेल्या फोडी उन्हात सुकवून केलेलं लोणचं टिकतं जास्त, पण रस कमी असतो. वर्षभरासाठी ते बरं, चार महिन्यांत संपणार असेल तर कशाला?

साधाच

तिसऱ्या प्रश्नावर जरा कडक बोलतो. रोजच्या आमटी-भाजीत हे मीठ नको.

भारतात थेट खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे. ग्राहकाच्या हातात पडताना त्यात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं असा नियम आहे. समुद्राचं मीठ म्हणजे त्यात आयोडीन आलंच, हा लाडका गैरसमज. समुद्रात आयोडीन असतं खरं, पण मीठ स्फटिक होताना ते खड्यात जवळजवळ येतच नाही. गरोदर बाई आणि लहान मुलं घरात असतील तर हा प्रश्न चवीचा राहत नाही.

आणि "जाड्या मिठात सोडियम कमी" हेही वजनाला वजन लावून खरं नाही. चमच्यात कमी मावतं, एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आतली आहे, तीत लोणचं-पापडही आलं.

पण लोणच्यासाठी आयोडीनचं मीठ नको असं म्हणतात, त्यात थोडंच तथ्य आहे. बारीक मीठ मोकळं राहावं म्हणून जो पदार्थ घालतात, त्याने खार गढुळतो. आयोडीनमुळे लोणचं बिघडतं, काळं पडतं, हा आरोप सहसा लोखंडी चमचा, अर्धवट सुकलेली फोड किंवा जुनी हळद यांच्या पापाचा असतो. दिसणं बाजूला ठेवलं तर दोन्ही मिठांनी लोणचं टिकतं. त्यामुळे माझी वाटणी अशी: शिजवायला आयोडीनचं, टिकवायला जाडं.

माडपट्टी

साधाच, वाटणी पटली. टिकवण्यात मासे राहिले, ते मी घेतो.

खारा बांगडा करायचा तर ताजा बांगडा पाठीकडून उघडायचा, कल्ले-आतडी काढून रक्ताची रेघ पूर्ण खरवडायची आणि पाण्यात धुवायचा. तीन किलो माशाला एक किलो जाडं मीठ. आधी पोटात आणि कल्ल्याच्या जागी दाबून, मग थर मिठाचा, थर माशाचा, वर मीठ आणि जड दगड. मासा सुटलेल्या खारात पूर्ण बुडालेला हवा. दोन दिवसांनी काढून खारातच खळखळून उन्हात टाकायचा, मांस घट्ट होईपर्यंत तीन-चार दिवस. बारीक मीठ इथे वाईट, कारण ते वरचं मांस एकदम आवळून टाकतं आणि आत मीठ शिरायला वाट राहत नाही. जाडं हळूहळू विरघळतं आणि हाडापर्यंत पोचतं. बोंबलाला यातलं काही लागत नाही; तो वलांडीवर (मासे वाळत घालायच्या बांबूंवर) वाऱ्या-उन्हानेच वाळतो.

बांगड्यावर गुलाबी चिकट थर आला तर तो मिठातूनच आलेला असतो. खारात जगणारे जंतू आगरात असतात, पाणी आटलेले वाफे कधी गुलाबी दिसतात ते त्यांच्यामुळेच. उष्ण, दमट हवेत ते वाढतात. खारेपाट यांनी सांगितलेलं भाजलेलं मीठ वापरलं की हा त्रास बराच कमी होतो. थर आला की तो मासा टाकून द्यावा. धुऊन पुन्हा मीठ लावण्याची काटकसर नको.

गोव्यात याच मिठात चेपणी घालतात. बाठा (कोय) न धरलेल्या कोवळ्या कैऱ्या किलोभर, मीठ २०० ग्रॅम, थराथराने चिनी मातीच्या बरणीत, वर पालथी बशी आणि दगड. पाणी घालायचं नाही. मीठ कैरीचं पाणी बाहेर ओढतं, कैऱ्या सुरकुततात, चपट्या होतात. वरची कैरी उघडी पडली की तिथूनच कुजायला सुरुवात होते, म्हणून दगड हलका नको. पेडण्याकडचं आगरवाड्याचं मीठ यासाठी मुद्दाम आणणारी घरं आहेत.

आता माड. नारळाला क्लोरीन लागतं आणि फिलिपाईन्समध्ये मोठ्या झाडाला वर्षाला दीड-दोन किलो मीठ देण्याची शिफारस आहे. पण आपल्या किनाऱ्यावर खारा वारा आणि पाऊस झाडाला बराच पुरवठा करतातच. घाटावरच्या काळ्या जमिनीत हा प्रयोग करू नका, पाण्याचा निचरा नसेल तर क्षार साचतात. कुंडीत तर मुळीच नको. तण मारायला मीठ टाकणाऱ्यांना पुढे तिथे काहीच उगवत नाही, मग इथे धागा काढतात.

तांबट

तांब्या-पितळेला मीठ चालतं, पण एकटं नाही. अर्ध्या लिंबावर चमचाभर मीठ घेऊन घासा, किंवा चिंचेच्या कोळात कालवा. आम्ल काळा थर सोडवतं आणि क्लोराइड त्याला हात देतं. चमक आली की लगेच पाण्याने धुऊन कोरडं पुसा. तसंच ओलं ठेवलं तर भांडं हिरवट पडायला लागतं, आणि ती चूक मिठाच्या माथी मारतात. कल्हई केलेल्या आतल्या बाजूला आणि लाखेचा मुलामा असलेल्या शोभेच्या वस्तूंना हात लावू नका. बारीक मीठ घ्या. जाडं घेतलं तर पितळेवर ओरखडे उठतात.

बिडाच्या तव्याला मात्र जाडंच हवं. तवा कोमट असताना दोन चमचे खडे आणि जाड फडकं, साबण नको. जळकट निघतं, तेलाचा थर राहतो. नंतर मीठ पूर्ण पुसून तेलाचा हात, नाहीतर रात्रीत गंज.

स्टीलच्या पातेल्यात थंड पाण्यात मीठ टाकून ते तसंच ठेवलं तर तळाला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला. मीठ साठवायला काच किंवा चिनी माती.

आइस्क्रीमचा पॉट: फोडलेला बर्फ सहा ते आठ भाग, जाडं मीठ एक भाग, वजनाने, थराथराने. मीठ आणि बर्फ यांचं मिश्रण शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या पॉटला इतकं खाली न्यायची गरज नाही. मीठ जास्त झालं की मिश्रण कडेला दगडासारखं गोठतं, मध्ये पातळ राहतं आणि पंखा अडकतो. कमी झालं की तासभर फिरवूनही हाती नुसतं गार दूध. बारीक मीठ तळाला गाळासारखं बसतं, बर्फाच्या खड्यांमध्ये टिकत नाही. खालचं खारं पाणी काढायचं भोक पॉटला असतं, ते बुजलेलं नाही ना हे आधी बघा, नाहीतर पाणी डब्याच्या झाकणापर्यंत चढून आइस्क्रीम खारं होतं.

कुकरमध्ये नानखटाई भाजायला हेच मीठ तळाला दोन बोटं पसरा, शिट्टी आणि रिंग काढून, दहा मिनिटं तापवून मग ताटली ठेवा. कुकर जुनाच घ्या, ॲल्युमिनियमला डाग पडतील. ते मीठ पुन्हा पुन्हा याच कामाला वापरता येतं. बरणीवर चिठ्ठी लावून ठेवा, कोणी ते आमटीत घालायला नको.

करवंदी

मग पाच किलोची वाटणी ठरली: दीड किलो धुऊन-भाजून लोणच्याला, अर्धा चेपणीला, एक किलो पॉटला न धुता, बाकीचं नानखटाईच्या कुकरला आणि तव्याला. माडपट्टी, चेपणीची बरणी उघडायची कधी?

माडपट्टी

पंधरा दिवसांनी एक कैरी काढून चिरून बघा. आत पांढरी रेघ दिसली तर मीठ मधोमध पोचलेलं नाही, आणखी आठ दिवस. आणि हो, चमचा लाकडी.