पोलार्ड कप्तान: दुर्दैवी की नुसताच लेचापेचा?

तिरसट: काल इथेच कुणीतरी 'एसेक्स' या अमेरिकन व्हेलशिकारी जहाजाच्या कप्तानाला, जॉर्ज पोलार्डला, 'समुद्राने छळलेला शोकनायक' म्हटलं आणि खाली बदामांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. ऑगस्ट १८१९ला नॅनटकेट बेटावरून निघाला, दोनच दिवसांत वादळात जहाज आडवं झालं, काही होड्या गेल्या. हा म्हणाला, परत जाऊ. मेट, म्हणजे हाताखालचे अधिकारी, म्हणाले, नको. हा गप्प. २० नोव्हेंबर १८२०ला पॅसिफिकमध्ये स्पर्म व्हेलने दोन धडका देऊन जहाज फोडलं. हा म्हणाला, सोसायटी बेटांकडे जाऊ. मेट म्हणाले, तिथे नरभक्षक असतील. हा पुन्हा गप्प! मग उरलेल्या होड्यांतून दक्षिण अमेरिका गाठता गाठता यांनीच मेलेले सोबती खाल्ले. २० जणांतले ८ वाचले. वर १८२३ला पुढचं जहाज 'टू ब्रदर्स' हवाईजवळच्या प्रवाळांवर घातलं. याला दुर्दैव म्हणायचं?

माजी_चीफ_ऑफिसर: म्हणजे दोन्ही वेळा त्याचंच बरोबर होतं, हे तुम्हीच लिहिलंत. धन्यवाद. नडला तो फर्स्ट मेट ओवेन चेस, आणि परतल्यावर त्याच वर्षी स्वतःच्या बाजूचं पुस्तक काढून तोच मोकळा. पोलार्डचं वय २८, पहिलीच कमांड. काल-परवापर्यंत त्याच जहाजावर स्वतः मेट होता. खुर्चीत बसून बोलणं सोपं असतं.

तिरसट: बरोबर असून गप्प बसतो त्याला कप्तान का म्हणावं?

देवबागचा_पाव्हणा: तुम्ही दोघे मूळ गोष्ट सोडून भांडताय. परत कोण फिरणार? पगार नव्हता, व्हेलच्या तेलातला हिस्सा होता. कप्तानाला साधारण पंधरावा-सतरावा, नवख्या पोराला दोनशेवा वगैरे. रिकाम्या पिंपांनी परतलं तर सगळ्यांच्या हातात भोपळा. आमच्या वडिलांचं तेच झालं. ट्रॉलरवर खलाशी. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून उरेल त्याचे वाटे. हंगामाआधी उचल घेतलेली, ती फिटेना म्हणून पुढचाही हंगाम त्याच मालकाकडे. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणायचा वारा बरा नाही, मालकाचा फोन यायचा, 'बाकीच्या होड्या गेल्या की!'

माजी_चीफ_ऑफिसर: ट्रॉलरचा इथे काय संबंध?

देवबागचा_पाव्हणा: संबंध तुम्हाला दिसणार नाही साहेब, तुमचा पगार डॉलरमध्ये यायचा. व्हेलच्या जहाजावरही पोरांना कपडे, तंबाखू चढ्या भावाने खात्यावर देत. तीन वर्षांनी हिशेबात काय उरायचं?

माजी_चीफ_ऑफिसर: डॉलर काढायचे नाहीत! एका कंपनीने माझे चार महिने बुडवले होते. जहाज बंदराबाहेर नांगरून, पाणी मोजून पीत होतो. मला उचल शिकवू नका.

तिरसट: मालक वाईट, कबूल. पोलार्डच्या होडीतल्या पोराला, ओवेन कॉफिनला, खाण्यासाठी गोळी घाला असं मालकाने सांगितलं होतं का?

सागरिका: कुणाला मारून खायचं यासाठी चिठ्ठ्या टाकायची कल्पना पोलार्डची नव्हती. सतरा-अठरा वर्षांचा ओवेन कॉफिन त्याचा मावसभाऊ, घरचाच पोरगा. त्याच्या नावाची चिठ्ठी आली तेव्हा पोलार्ड म्हणाला, तुला हात लावेल त्याला मी गोळी घालतो. पोराने ऐकलं नाही. मग परत त्याच बेटावर जायचं, त्याच आईसमोर उभं राहायचं! त्या बाईने नंतर त्याचं तोंड पाहिलं नाही म्हणतात. माझा नवरा शिपवर आहे. साइन ऑफ करून आला की पहिले आठ दिवस घरात पाहुण्यासारखा वावरतो, फ्रिज उघडतानाही विचारतो. आणि इथे तर हे!

तिरसट: ताई, वाईट मलाही वाटतं. वाईट वाटणं वेगळं, शोकनायक वेगळं.

देवबागचा_पाव्हणा: 'टू ब्रदर्स'नंतर पोलार्डला कुणी व्हेलचं जहाज दिलं नाही, बेटावर रात्रीचा पहारेकरी झाला. नऊ वाजले की पोरांना घरी पिटाळायचं काम. चेस मात्र पुढे बडा कप्तान.

माजी_चीफ_ऑफिसर: बडा कप्तान म्हातारपणी माळ्यावर खाणं लपवत होता, तेही लिहा.

तिरसट: ठीक आहे, 'लेचापेचा' मागे घेतो. 'मवाळ' म्हणतो. आता खूश?

माजी_चीफ_ऑफिसर: उपकार झाले.

देवबागचा_पाव्हणा: आणि उचलीवर कुणी बोलणार आहे की नाही?