फोटोंचा आपोआप बॅकअप: चालू ठेवायचा की बंद करायचा?

रानवाटा (धागाकर्ता)

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. फोनमधल्या फोटोंचा आपोआप बॅकअप मुळात बंदच असावा. ज्याला हवा त्याने काय जातंय ते बघून चालू करावा.

नवा फोन सुरू करताना एकामागून एक पडदे येतात आणि दुकानातला पोरगा 'पुढे, पुढे' करत सुटतो. नंतर कुणालाही विचारा, तुझ्या बॅकअपमध्ये काय काय जातं? उत्तर ठरलेलं: सगळं. हे साफ चुकीचं आहे. अँड्रॉइडवर तीन वेगळ्या गोष्टी चालतात. फोनच्या बॅकअपमध्ये संपर्क, एसएमएस, कॉलची यादी, सेटिंग्ज, काही ॲप्सची माहिती जाते. फोटो जातात गुगल फोटोजमधून, त्याचा स्विच वेगळा. व्हॉट्सॲपचा बॅकअप तिसराच.

बरं, फोटोजमध्येही 'सगळे फोटो' नसतातच. बॅकअप चालू केला की कॅमेऱ्याचा फोल्डर जातो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे फोल्डर एकेक करून स्वतः चालू करावे लागतात. त्यामुळे चुलत भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेले लग्नाचे फोटो सुरक्षित आहेत असं ज्याला वाटतं, त्याचे बहुधा नसतात. आणि पासबुकाचा, पॅन कार्डाचा पटकन काढून ठेवलेला फोटो फोनमध्येच आहे असं ज्याला वाटतं, त्याचा तो कधीच वर, म्हणजे गुगलच्या सर्व्हरवर, गेलेला असतो, कारण कॅमेऱ्याने काढलाय.

वर जागेचं गणित. 15 जीबी फुकट, तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. 1 जून 2021 च्या आधी थोडा दर्जा कमी केलेले फोटो कितीही ठेवता येत होते. लोकांना सवय लावली आणि मग मीटर टाकलं. 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्याच 15 जीबीत धरायला लागले. जागा भरली की नवी मेलसुद्धा येत नाही. मग माणूस घाबरून पैसे भरतो.

वाशिष्ठीकाठ

पूर्ण असहमत.

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला आमचा तळमजला पाण्याखाली होता. कपाटातले अल्बम नंतर चिखलातून काढले. आजीचा एकही फोटो ओळखू येण्याजोगा राहिला नाही. आईचा फोनही गेला. नव्या फोनवर तिचा जीमेल टाकला आणि तिने काढलेले फोटो एकेक करून खाली आले. आमच्या घराकडे आज जुन्या दिवसांचं जे काही आहे ते एवढंच.

धागाकर्ते म्हणतात, बघून चालू करावा. आईने ते सेटिंग जन्मात उघडलं नसतं.

रानवाटा

वाईट वाटलं वाचून. पण मग ते चालू कुणी केलं होतं?

वाशिष्ठीकाठ

दुकानातल्या पोराने. 'पुढे, पुढे' करत.

दोन_पैसे

😄 इथेच धागा संपला खरं तर.

तरी भर घालतो. लोकल, एसटी, जत्रा, गणपतीची गर्दी: फोन हरवणं, चोरीला जाणं, पाण्यात पडणं हे रोजचं आहे. त्या मानाने क्लाउडमधून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून, फोटो बाहेर जाणं दुर्मीळ. 2014 साली हॉलिवूडच्या नट्यांचे खाजगी फोटो बाहेर आले तेव्हा 'क्लाउड फोडला' अशी बोंब झाली होती. प्रत्यक्षात खोट्या ईमेल पाठवून त्यांच्याकडूनच पासवर्ड काढून घेतले होते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि स्वस्थ झोपा. ज्यांना खाजगी फोटोंची धास्ती आहे त्यांच्यासाठी गुगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर आहे.

खाजकुयली

दोन_पैसे, लॉक्ड फोल्डरमधल्या फोटोंचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो, नाहीतर ते फक्त फोनवर असतात. ॲपचा डेटा पुसला किंवा फोन गेला की फोटोही गेले. हे लोकांना न सांगता 'तिथे टाका' म्हणणं घातक आहे.

आता माझा मुद्दा. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. पेशंट पुरळाचे, जखमांचे, नको तिथल्या गाठींचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन (दुरूनच फोनवर पेशंट तपासणं) मार्गदर्शक सूचनांनंतर हे रीतसरही झालं. ते फोटो आपोआप गॅलरीत उतरतात आणि कुणी उत्साहाने सगळे फोल्डर चालू केले असतील तर तिथून वर. उद्या मी टीव्हीवर गोव्याच्या सहलीचे फोटो दाखवायला गेले तर मध्येच कुणाची तरी मांडी दिसायची. चिपळूणचे फोटो त्या घराचे स्वतःचे होते. माझ्या फोनमधले निम्मे फोटो माझे नाहीत, ते कुठे ठेवायचे हे त्या पेशंटने ठरवलेलं नाही. पेशंटचा रेकॉर्ड मला ठेवावाच लागतो, पण तो मुलीच्या वाढदिवसाशेजारी नव्हे. म्हणून मी व्हॉट्सॲपमध्ये मीडिया गॅलरीत दिसणं बंद केलंय आणि फोटोजमध्ये फक्त कॅमेरा चालू ठेवलाय.

शिवाय 2021 मधलं सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण. लहानग्या मुलाच्या गुप्तांगाला सूज आली, डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोटो मागितले, बापाच्या फोनवर काढलेले फोटो घरच्यांनी पाठवले. बापाच्या फोनने ते आपोआप वर चढवले. गुगलच्या यंत्रणेला ते बाल लैंगिक शोषणाचे वाटले आणि खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून गुन्हा नाही असं सांगितलं, तरी खातं परत मिळालं नाही. मेल, संपर्क, मुलाचे सगळे फोटो, सगळ्यावर पाणी. न्यूयॉर्क टाइम्सने 2022 मध्ये ही बातमी दिली होती.

दोन_पैसे

डॉक्टर, एका माणसावरून कोट्यवधींचा नियम ठरवायचा का? आणि यात दोष फोटो तपासणाऱ्या यंत्रणेचा आणि चूक कळूनही न सुधारणाऱ्या कंपनीचा. बॅकअपने काय केलं?

खाजकुयली

बॅकअपने फोटो तिथे नेला. बापाने नेला नव्हता. आपोआप या शब्दाला माझी हरकत आहे ती एवढ्यासाठीच.

सिनसिनाटीकर

आयफोनवाल्यांचं दुखणं वेगळं. इथे लोक ज्याला बॅकअप म्हणतात तो बॅकअपच नसतो. आयक्लाउड फोटोज (ॲपलची फोटो वर ठेवायची सोय) चालू असेल तर सगळ्या उपकरणांवर एकच संग्रह दिसतो. 'वर आहेतच ना' म्हणून फोनमधून पुसले की वरूनही गेले, आयपॅडवरूनही गेले. 'नुकतेच काढून टाकलेले' मध्ये तीसेक दिवस राहतात, नंतर राम म्हणा. आणि आयक्लाउड फोटोज चालू असताना रात्री होणाऱ्या आयक्लाउड बॅकअपमध्ये फोटो धरलेच जात नाहीत, कारण ते आधीच वर आहेत असं ॲपलचं म्हणणं. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही. फुकट जागा 2011 पासून आजतागायत 5 जीबी. त्यात फोटो किती दिवस मावणार?

गुगल फोटोजमध्येही साधं 'डिलीट' दाबलं तर दोन्हीकडून जातं, फक्त कचऱ्यात 60 दिवस राहतं. फोन मोकळा करायचा तर 'फ्री अप स्पेस'चं बटण वेगळं आहे. माझ्या ओळखीत फोटो गेले ते चोरांमुळे नाहीत, जागा करण्याच्या नादात गेले.

तरी मी चालूच्या बाजूने. 2022 च्या डिसेंबरात ॲपलने ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन आणलं. ते चालू केलं की फोटोंची किल्ली ॲपलकडेही राहत नाही. मात्र ब्रिटनमध्ये सरकारच्या दबावामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी ती सोय मागे घेतली, हे लंडनच्या मंडळींनी ध्यानात ठेवावं.

शेवग्याची_शेंग

तुम्ही सगळे हॅकर आणि कंपन्यांबद्दल बोलताय. माझ्या मते धोका घरातच आहे.

आपल्याकडे आईबाबांच्या फोनवर जीमेल कुणाचं असतं? मुलाचं! त्यांना नवं खातं काढून कोण देणार, पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, म्हणून मुलगा आपलंच टाकून देतो. मग मुलाच्या फोनवरचे फोटो आईच्या फोनवर दिसतात आणि आईचे मुलाच्या. आमच्या नात्यात एका सुनेचे बाळंतपणानंतरचे दवाखान्यातले फोटो सासऱ्यांनी फोनवर पाहिले. ते बिचारे मुद्दाम बघायला गेले नव्हते. 'आजच्या दिवशीच्या आठवणी' म्हणून फोननेच समोर आणून ठेवले. ती आजही त्यांच्याशी धड बोलू शकत नाही आणि त्यांना काय बोलावं ते कळत नाही.

त्यात बॅकअप चालू की बंद हा प्रश्नच गौण. खातं कुणाचं, हे आधी बघा. उद्या नवराबायकोत बिनसलं, की जुन्या टॅबवर लॉगिन राहिलेलं खातं हीच पहिली अडचण होते. सेटिंगमध्ये 'तुमची उपकरणं' अशी यादी असते, ती उघडून बघा कोण कोण आत आहे.

दोन_पैसे

हे पटलं. आमच्याकडेही वडिलांच्या फोनवर माझंच आहे. आज बदलतो.

रानवाटा

सगळ्यांचं वाचलं. मत बदललेलं नाही, उलट शेंगताईंनी माझीच बाजू भक्कम केली: काय जातंय आणि कुठे जातंय हे कळायच्या आत चालू होणारी गोष्ट बंदच बरी. मी स्वतः दर काही महिन्यांनी हार्ड डिस्कवर घेतो. कुणाच्या बापाला भाडं नाही.

वाशिष्ठीकाठ

हार्ड डिस्क ठेवता कुठे?

रानवाटा

कपाटात.

वाशिष्ठीकाठ

आमचे अल्बमही कपाटातच होते. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवत असाल तर माझा वाद मिटला.

सिनसिनाटीकर

आणखी एक, धाग्याशी थेट संबंध नाही तरी. डिसेंबर 2023 पासून दोन वर्षं न वापरलेली गुगल खाती पुसली जाऊ शकतात. कुणी घरातलं गेलं असेल आणि त्यांचे फोटो त्यांच्याच खात्यात पडून असतील तर मुदत चालू आहे. 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' मध्ये आधीच आपला माणूस नेमता येतो. तीन ते अठरा महिने खातं शांत राहिलं की त्याला माहिती जाते. ॲपलमध्ये त्याला लेगसी कॉन्टॅक्ट म्हणतात.

शेवग्याची_शेंग

नेमताना नीट विचार करा म्हणजे झालं. आमच्यात पुन्हा मुलालाच नेमतील.