अनुभव धागा : कॉलेज राहणार की जाणार? आणि तोवर स्टाफला काय सांगितलं गेलं?

हिंगणा रोड, वर्धा रोड, काटोल रोड. एकेकाळी इथं इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी ओळखी काढाव्या लागत. मग जागा रिकाम्या राहू लागल्या. कुठं शाखा बंद झाली, कुठं अख्खं कॉलेज. अशा अधांतरी काळात प्राचार्य आणि संस्था तुमच्याशी कसं बोलली, ते लिहा. नावं नकोत, नागपूर लहान आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमच्याकडे दर महिन्याला पत्र यायचं. वृक्षारोपण, गॅदरिंगच्या तारखा, कँटीनची रंगरंगोटी, आणि तळाशी एक वाक्य : 'प्रवेशाबाबतचा निर्णय योग्य वेळी कळवण्यात येईल.' स्टाफ रूममध्ये सगळे पत्र खालून वर वाचायचे.

लायब्ररीवाली
आमचं प्रोग्रेसिव्ह क्लोजर झालं. म्हणजे पहिल्या वर्षाचे प्रवेश थांबतात, आत असलेली मुलं शिकून बाहेर पडतात, मग कुलूप. वाईट बातमीच होती, पण आमच्या प्राचार्यांनी ती सांगितली. सोमवारी मस्टरवर सह्या झाल्या की उभ्या उभ्याच बोलायचे : हे ठरलं, याचा अर्ज एआयसीटीईकडे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडे) गेलाय, हे मलाही ठाऊक नाही. 'ठाऊक नाही' हे प्राचार्यांच्या तोंडून ऐकायची सवय व्हायला आम्हाला वेळ लागला. मी विचारलं, जर्नल्सची वर्गणी भरायची का? म्हणाले, शेवटची बॅच असेपर्यंत भरा, त्यांनी फी पूर्ण दिली आहे. पगार लांबणार असेल तर तेही आधी सांगायचे. घराचा हप्ता असलेल्यांना तेवढी सोय पुरते.
एकदा शिपाईभाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, "सर, प्रोफेसर लोक जातीन दुसरीकडं, आमचं काय करून राहिले?" सर गप्प झाले. पुढच्या सोमवारी त्यांनी सुरुवात तिथूनच केली. दोघांना संस्थेच्या शाळेत घेतलं, बाकीच्यांचं जमलं नाही. तेही स्पष्ट सांगितलं.

सीएचबीवाला
तुमचं बरं आहे, तुम्हाला मीटिंग तरी असते. आम्ही तासिका तत्त्वावर, आदेश सत्रापुरता. मला शाखा बंद होणार हे चहाच्या टपरीवर कळलं, तेही दुसऱ्या कॉलेजच्या माणसाकडून.

निवृत्त प्राचार्य
दुसरी बाजूही ऐका. कॅप राउंड, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरी, चालू असताना बंद होण्याची कुजबुज बाहेर गेली, तर येणारी चार मुलंही येत नाहीत, आणि मग कुजबुज खरीच ठरते. म्हणून सचिव सांगतात, 'तोंड बंद ठेवा.' त्यांचा धाक पूर्ण खोटा नसतो. मी एवढंच करायचो : पीएफ भरला की नाही आणि पगाराची तारीख, या दोन गोष्टी कधी झाकल्या नाहीत. आणि घाबरलेल्यांना सांगायचो की 2016 च्या विद्यापीठ कायद्यानुसार विद्यापीठाच्या परवानगीशिवाय कॉलेज बंद करता येत नाही. रातोरात टाळं लागत नाही.

खिडकी नंबर एक
लागत नाही, पण अफवेला परवानगी लागत नाही ना सर! मी ऑफिसात. मीटिंग शिक्षकांची झाली, आम्हाला कोणी बोलावलं नाही, आणि विचारायला पोरं आमच्याकडंच. "मॅडम, कॉलेज बंद होऊन राहिलं म्हणते, टीसी आताच काढून घेऊ काय?" दाराबाहेर रांग. शेवटी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले, दोन ओळी लिहून घेतल्या आणि काचेवर चिकटवल्या : 'सध्याच्या विद्यार्थ्यांचे वर्ग व परीक्षा इथेच होतील. टीसीची घाई करू नये.' दुपारपर्यंत रांग ओसरली.

धागाकर्ता
शिक्का होता का? आमच्याकडं बिनशिक्क्याचं कोणी मानत नाही.

खिडकी नंबर एक
बाप्पा, गोल शिक्का मारूनच लावला! आवक-जावकचा नंबरसुद्धा टाकला.