'होम'ला यमक सुचवा (पाटीसाठी, बजेट ₹३००)

माडाची_सावली
नमस्कार मंडळी. गुहागरला आमच्या मागच्या तीन खोल्या या दिवाळीपासून होमस्टे म्हणून द्यायच्या आहेत. दाराशी फणसाच्या फळीवर इंग्रजीत चार ओळी रंगवून लावायच्या असं नानांनी (सासरे) मनावर घेतलंय. शेवटची ओळ ठरली आहे, 'धिस इज होम'. होमला जुळणारा शब्द हवा. पेंटर शनिवारी येतोय आणि अक्षरामागे ₹२० घेतो, म्हणून शब्द लहानच बरा. पुस्तक किंवा अ‍ॅप घ्यायचं झालं तर ₹३०० च्या वर नको, फळीच्या खर्चावरून आधीच एकदा वाजलंय. माझ्या मनात 'कम' आहे. पण मुलगी (आठवी, सेमी इंग्रजी) म्हणते ते जुळत नाही. का नाही? दोन्हीच्या शेवटी ओ-एम-ई आहे की.

वाटाड्या
मुलीचं बरोबर आहे ताई. इंग्रजीत यमक कानाने बघतात, स्पेलिंगने नाही. शब्दात ज्या स्वरावर शेवटचा जोर येतो, तिथून पुढचं सगळं सारखं हवं आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं. होममध्ये 'ओ', कममध्ये 'अ'. संपलं.
पूर्ण जुळणारे: रोम (भटकणे), फोम (लाटेचा फेस), डोम (घुमट), कोम (कंगवा, शेवटचा बी मुका), क्रोम, टोम (जाडजूड ग्रंथ), नोम (बागेत ठेवतात तो दाढीवाला बुटका, सुरुवातीचा जी मुका), लोम (पोयट्याची माती). तुम्हाला समुद्र आहे, फोम घ्या.

एबीसीचा_जुना_वारकरी
एकदाच चांगला यमककोश घेऊन ठेवा, आयुष्यभर पुरतो. माझा कापडी बांधणीचा आहे, ₹१,४०० ला घेतला, तोही घासाघीस करून. अप्पा बळवंत चौकात नीट विचारलंत तर जुना मिळेल.

माडाची_सावली
दादा, बजेट ₹३०० आहे हो. आणि गुहागरहून पुण्याला जाऊन यायचं एसटीचं भाडं वेगळंच.

एबीसीचा_जुना_वारकरी
पुस्तकात पैसे बघायचे नसतात.

थडगेवाला
यमककोशावरून माझी कथा ऐका. २०११ साली साहेबांनी नवीन बंगला बांधला. ऑफिसतर्फे शुभेच्छापत्र लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं. रद्दीत मिळालेला एक कोश होता, त्यात शब्द शेवटच्या अक्षरावरून उलटे लावलेले. होमला 'कोम' चालतो हे कुणीतरी सांगितलेलं. तो काढला तर शेजारी तसाच दिसणारा टी-ओ-एम-बी. म्हटलं 'टोम', डोमसारखंच काहीतरी असणार, घुमटबिमट. 'मे यू रेस्ट इन धिस न्यू होम, अ ब्यूटिफुल अँड लास्टिंग' आणि पुढे तो शब्द. सोनेरी शाईत. साहेबांच्या सूनबाई इंग्रजीच्या प्राध्यापक निघाल्या. त्या शब्दाचा अर्थ थडगं, आणि उच्चार 'टूम', म्हणजे यमकही गेलं. त्या वर्षीची वेतनवाढ सगळ्यांना मिळाली, मला मार्चनंतर.

जर्सीकर
😂😂 वाचनखूण साठवली.

वाटाड्या
उलट्या लावलेल्या कोशांचा हाच घोटाळा. जॉन वॉकरचा १७७५ चा कोश याच पद्धतीचा होता, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे दीडशे वर्षांहून जास्त काळ निघत राहिल्या. त्यात ओ-एम-बी वाले एकाखाली एक येतात: बॉम, कोम, टूम, वूम. चार शब्द, तीन वेगळे स्वर, आणि चौघांचाही बी मुका. उच्चार आधीच माहीत असेल तरच असा कोश कामाचा.

एबीसीचा_जुना_वारकरी
माझा त्यातला नाही. म्हणजे बघायला पाहिजे. सध्या माळ्यावर आहे.

रात्रपाळी
कोश कशाला घेताय? कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश फुकट आहे, १,३४,००० च्या वर शब्द. त्यात प्रत्येक शब्द ध्वनींमध्ये फोडलेला असतो. होम म्हणजे 'ह', जोराचा 'ओ', 'म'. मी काल रात्री दोन वाजता पायथनमध्ये पंधरा ओळी लिहिल्या, 'ओ-म' ने संपणारे सगळे शब्द बाहेर. निम्मी तर आडनावं निघाली. हवा तर कोड टाकतो.

माडाची_सावली
दादा, कोड नको, शब्द हवा. 🙏

रात्रपाळी
मग राइमझोन या यमकांच्या साइटवर होम टाकून बघा, तेही फुकट. अर्धवट यमकंही वेगळी दाखवतात. 'म' च्या जागी 'न' चालवून घेतात, दोन्ही नाकातले आवाज. म्हणजे स्टोन, अलोन, फोन. 'लीव्ह युवर फोन' लिहा, तसंही तुमच्याकडे रेंज नसणार.

माडाची_सावली
रेंज आहे. विहिरीपाशी.

जर्सीकर
आमच्याकडे माझा धाकटा शाळेच्या स्लॅम कवितेत (स्टेजवर कविता म्हणायची स्पर्धा) तिसरा आला, त्याला विचारलं. म्हणाला फोन-होम मस्त चालतं, आता पूर्ण यमक म्हणजे बालवाडी वाटतं. इथे आल्यावर मला कळलं की आपला 'होम' आणि यांचा 'होम' वेगळा. हे 'ओ' पासून सुरू करतात आणि 'उ' कडे सरकतात, साधारण 'होउम'. आपण ओ सरळ ठेवतो. मी पहिली दोन वर्षं फोनवर 'आय अ‍ॅम अ‍ॅट होम' म्हणायचे आणि समोरचा 'हूम?' विचारायचा. असो. माझ्या ओळखीच्या एक बाई अशा ओळी लिहून देतात, चार ओळींचे साठ डॉलर, ओळखीत पन्नास करतील.

यमक्या
मंडळी, मूळ मुद्दा कोणीच घेत नाहीये. होम हा आपलाच शब्द आहे की. होमहवन. होम, सोम, रोम, व्योम. रोमारोमांत, व्योमापर्यंत! मराठीत पाटी लावा, यमकं हात जोडून उभी आहेत. ज्या भाषेत 'यमक्या वामन' (वामन पंडित) झाला आणि बारामतीत मोरोपंतांनी आर्यांचे डोंगर रचले, त्या भाषेतल्या माणसांनी यमकासाठी गोऱ्यांच्या दारात जावं?

थडगेवाला
पाहुणे बेंगळुरूहून यायचेत, त्यांना व्योम काय कळणार. पैशांचा होम होईल.

यमक्या
बघा, सापडला ना शब्द.

ऑरेंजसिटी
अवांतर: इंग्रजीत ऑरेंजला यमकच नाही. एक सोडून. वेल्समध्ये ब्लॉरेंज नावाचा डोंगर आहे.

वाटाड्या
संत्र्याचं इथे काय काम?

ऑरेंजसिटी
नागपूरकराला विचारता?

काजूगर
ताई, फोम घ्या. समुद्र आहे ना तुमच्याकडे.

वाटाड्या
हे मी वर लिहिलंय.

काजूगर
हो का. मग +१.

मालवणी_घडी
आमचा होमस्टे सहा वर्षं चालू आहे, म्हणून बोलतो. फोम लिहू नका. पाहुणे पहिल्यांदा गादी चेपून बघतात आणि विचारतात कापसाची की फोमची. डोम, क्रोम, नोमचा तुमच्या घराशी काय संबंध? कंगवा तर नकोच. भटकणं बरं आहे, त्यांना किनाराही आहे आणि सुरूचं बनही. हे घ्या:
'द सी इज नीअर, द विंड्स रोम, / पुट डाउन युवर बॅग्ज, धिस इज होम.'
पूर्ण यमक, जीभ अडखळत नाही. दोनच ओळी, पेंटरचे पैसेही वाचले. फक्त रोम असा ओ-ए वाला लिहायला सांगा. इटलीतलं रोम लिहून ठेवलं तर उच्चार तोच, पण वारा युरोपात जाईल.
आणि फणसाच्या फळीला आधी प्रायमर मारा, नाहीतर पहिल्याच पावसात अक्षरं ओघळतील. आमचं 'वेलकम' दोन वर्षांत 'वेल' झालं.

रात्रपाळी
+१. या धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद. (माझा सोडून.)

जर्सीकर
धाकट्याला दाखवलं. म्हणतो 'क्यूट, बट ओल्ड.'

माडाची_सावली
मालवणी_घडी दादा, फार सुंदर. मुलीने वहीत उतरवून घेतलं. मुंबई-गोवा हायवेला गाडी अडकल्याने पेंटर रविवारी येणार, तोपर्यंत नानांना दाखवते. एक शंका: 'कम' अगदीच चूक का? नानांना तोच आवडलाय.

वाटाड्या
चूक असं नाही. त्याला डोळ्यांचं यमक म्हणतात, लिहिलेलं जुळतं, बोललेलं नाही. शेक्सपिअरच्या ११६ व्या सुनीताच्या शेवटी 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' जोडीला आहेत. त्याच्या काळी ते बहुधा कानालाही जुळत होते, नंतर उच्चार फाटले आणि स्पेलिंग तिथेच राहिलं. पण ऐकणारा हसेल.

यमक्या
का हसेल? अभंगात नाम आणि प्रेम बिनदिक्कत जुळतात. आ आणि ए, कुठे काय सारखं आहे? शेवटचा 'म' आला की मराठी कान तृप्त. मग कम आणि होमने काय घोडं मारलंय?

वाटाड्या
पाटी इंग्रजी आहे.

यमक्या
फळी गुहागरची आहे.

एबीसीचा_जुना_वारकरी
माळ्यावरून कोश काढला. उलटाच लावलेला निघाला. त्यात होमच्या अवतीभवती कम, सम, डोम, टोम सगळे एकाच रांगेत आहेत. म्हणजे 'कम' अधिकृत आहे.

थडगेवाला
जपून.

माडाची_सावली
मंडळी, पाटी झाली. सगळ्यांचे मनापासून आभार, पण तुमचं कुणाचंच ऐकलं नाही, रागावू नका. नानांनी स्वतः पेंटरच्या शेजारी स्टूल टाकून लिहून घेतलं: 'व्हेन यू आर टायर्ड, कम. / अंडर द माड, धिस इज होम.' चारच्या दोनच ओळी केल्या. माडाला इंग्रजीत काय म्हणतात ते मुलीने सांगितलं होतं, पण 'कोकोनट ट्री' ची अक्षरं नानांनी बोटांवर मोजली. म्हणाले, पाटी वाचायची असते, ऐकायची नसते, आणि ओ-एम-ई खाली ओ-एम-ई कसं ओळीत बसलंय बघ. खरंच बसलंय. प्रायमर दोन हात मारलाय. पुस्तकाचे ₹३०० वाचले ते वार्निशला गेले.
मुलगी अजून बोलत नाहीये. दादा, तुमच्या ओळी तिने तिच्या खोलीच्या दारावर खडूने लिहिल्या आहेत.

मालवणी_घडी
आमच्याकडून आलेल्यांना तीच खोली द्या.

निवांत_पावसाळी
उशिरा आलो, वरचं सगळं वाचलं नाही. होमला 'फोम' चालेल का बघा.