पोकरच्या टेबलावर पहिल्यांदा बसताना कोणती रीत पाळावी? सल्ला हवा आहे

नवा_भिडू
ऑनलाइन होल्डेम (पोकरचा एक प्रकार) बऱ्यापैकी जमतं. आता प्रत्यक्ष टेबलावर बसायचं आहे, आधी मित्रमंडळींच्या खेळात आणि मग एखाद्या टूर्नामेंटमध्ये. स्क्रीनवर आपली पाळी नसेल तर बटणच दाबता येत नाही, पॉट (डावात जमा झालेली रक्कम) आपोआप मोजला जातो, शेवटी पत्ते आपोआप उलटतात. इथे हे सगळं हाताने आणि तोंडाने करायचं. खेळाचे नियम माहीत आहेत, टेबलाची रीत माहीत नाही. चिप्स कशा टाकायच्या, कधी बोलायचं, पत्ते कधी दाखवायचे, विचार करायला किती वेळ घ्यायचा? ज्या गोष्टींनी लोक मनातून वैतागतात पण तोंडावर सांगत नाहीत, त्या तर नक्की लिहा.

इस्पिक_सत्ती
पहिली सवय ही लावा: आधी तोंड, मग हात. "रेज, सहाशे" (रेज म्हणजे आधीची बेट, म्हणजे लावलेली रक्कम, वाढवणं) असं स्पष्ट म्हणायचं आणि मग चिप्स पुढे सरकवायच्या. आपल्या पाळीला उच्चारलेला शब्द बंधनकारक असतो, त्यामुळे मोजताना एखादी चिप कमीजास्त झाली तरी वाद होत नाही.

न बोलता चिप्स टाकल्या की घोटाळा होतो. समजा ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, स्मॉल आणि बिग) ५०/१०० आहेत, तुम्हाला ३०० करायचे आहेत आणि तुम्ही ५०० ची एकच चिप गुपचूप पुढे ठेवलीत. तो १०० चा कॉल (समोरच्या बेटइतकीच रक्कम भरणं) धरला जातो आणि ४०० परत येतात. फ्लॉपनंतर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर), समोर कोणाचीच बेट नसताना तीच चिप ठेवलीत तर मात्र ती पूर्ण ५०० ची बेट. एकाहून जास्त चिप्स असतील तर हिशोब असा: समोर ७०० ची बेट आहे आणि तुम्ही ५०० च्या दोन टाकल्या. त्यातली एक उचलली तर ५०० उरतात, म्हणजे कॉललाही पुरत नाहीत, म्हणून तो कॉल. तीन टाकल्या तर एक उचलूनही कॉल पुरा होतो, म्हणून १५०० ची रेज. हे सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा तोंड उघडणं सोपं.

स्ट्रिंग बेट टाळा. कॉलपुरत्या चिप्स ठेवायच्या, क्षणभर थांबायचं आणि मग ढिगाकडे हात नेऊन आणखी आणायच्या, याला स्ट्रिंग बेट म्हणतात. हे चालत नाही, कारण पहिल्या हप्त्यावर समोरच्याचा चेहरा वाचून दुसरा हप्ता ठरवता येतो. "तुझे दोनशे, वर आणखी पाचशे" हे वाक्यही असंच आहे. पहिल्या अर्ध्यातच कॉल झाला, पुढचं कोणी धरणार नाही.

चिप्स पॉटमध्ये फेकू नका, आपल्यासमोरच सुटसुटीत ठेवा. पॉटमध्ये मिसळल्या की नेमक्या किती टाकल्या हे कोणालाच सांगता येत नाही आणि सगळा पॉट मोजत बसावं लागतं. डीलर फेरी संपल्यावर त्या ओढून घेतो.

शांत_चाल
वरच्याला अनुमोदन. मी पाळीबद्दल लिहितो, कारण नवख्यांची सगळ्यात महागडी चूक तीच, आणि ती दुसऱ्याला महाग पडते.

तीन जण डावात आहेत. पहिला बेट करायची की नाही याचा विचार करतोय. तिसऱ्याला डाव सोडायचाच आहे, म्हणून तो आधीच पत्ते उचलून पुढे ढकलण्याच्या तयारीत बसतो. पहिल्याला कळलं की आता एकाचीच भीती आहे. तो ब्लफ करतो, आणि मधल्या खेळाडूने काहीही चूक न करता त्याचं नुकसान होतं. पत्ते कितीही टाकाऊ असले तरी पाळी येईपर्यंत हात स्थिर ठेवा. पाळी नसताना फोल्ड केलंत, म्हणजे डाव सोडलात, तर ते पक्कं धरतात, आणि टूर्नामेंटमध्ये त्यासाठी दंडही होऊ शकतो. पाळीआधी बेट किंवा रेज जाहीर केलीत, आणि मधल्या खेळाडूने नुसता चेक (काही न लावता पाळी पुढे देणं), कॉल किंवा फोल्ड केला, तर तुमचं बोलणं तुम्हाला बांधतं. त्याने बेट किंवा रेज केली तरच तुम्ही मोकळे.

हे सांभाळायला उजवीकडे बघण्याची सवय लावा. उजव्या हाताच्या माणसाची चाल पूर्ण झाली की मग तुमची. मिळालेले पत्तेसुद्धा पाळी आल्यावरच पाहा. त्या आधीच्या वेळात इतरांना बघितलंत तर जास्त कळतं.

दुसरं, डाव सोडल्यावर तोंड बंद. फ्लॉपवर राजा, राजा, सत्ती आली आणि फोल्ड केलेल्याने कपाळावर हात मारला, तर टेबलाला कळलं की एक राजा बाहेर गेला. उरलेल्या दोन राजांपैकी एकच शिल्लक. आता जो "माझ्याकडे राजा आहे" असं भासवत बेट करतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारण जवळजवळ निम्मं झालं. शब्द एकही उच्चारला नाही, तरी डाव बदलला. बोर्डावर तीन बदाम दिसल्यावर "अरेरे, फ्लश होऊ शकतो" (फ्लश म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते) असं म्हणणं याच जातीतलं. ज्याच्या लक्षात आलं नव्हतं त्याच्याही आलं. एका हाताचा निर्णय एकाच डोक्याने घ्यायचा.

नवा_भिडू
म्हणजे फोल्ड केल्यावर शेजाऱ्याला आपले पत्ते हळूच दाखवणंही नको?

शांत_चाल
नको. शेजारी अजून डावात असेल तर त्याला फुकट माहिती मिळते. तो डावात नसला तरी एकाला दाखवलं की सगळ्यांना दाखवायचं, ही जुनी रीत आहे, आणि कोणीही तशी मागणी करू शकतं. पत्ते पालथे, खालून, डीलरकडे सरकवा. उंचावरून भिरकावले तर उलटतात किंवा कोणाच्या तरी पत्त्यांत मिसळतात.

कडेची_खुर्ची
स्वतःचे पत्ते कुठे ठेवता हेही महत्त्वाचं. ते टेबलावरच, सगळ्यांना दिसतील असे हवेत. मांडीवर किंवा हाताआड नकोत. चिप्सच्या ढिगामागे लपले तर पुढचा माणूस तुम्ही डावात नाही असं समजून चाल करतो. वर एखादी चिप ठेवा. डीलरच्या शेजारच्या खुर्च्यांवर तर हे विसरूच नका. मोकळे पडलेले पत्ते डीलरने चुकून ओढून घेतले की ते सहसा परत मिळत नाहीत, आणि दोष तुमचाच मानला जातो.

चिप्स वीस-वीसच्या चळतीत, एका चळतीत एकच किंमत, आणि मोठ्या चिप्स पुढे किंवा वर. मोठ्या चिप्स मागे दडवल्या तर समोरच्याला तुमच्याकडे ४,००० आहेत की १४,००० हे कळत नाही, आणि त्याचा सगळा निर्णय त्यावर असतो. दुसऱ्याच्या चिप्स किंवा पत्त्यांना मात्र कधीही हात लावू नका, मदत म्हणूनही नाही.

आता शोडाउन, म्हणजे शेवटी पत्ते दाखवणं. रिव्हरवर (पाचवा, शेवटचा सामाईक पत्ता आल्यावर) शेवटची बेट किंवा रेज ज्याने केली, तो आधी दाखवतो. सगळ्यांनी चेक केलं असेल तर डीलर बटणाच्या (वाटपाची पाळी दाखवणाऱ्या चकतीच्या) डावीकडून पहिला. टूर्नामेंटमध्ये कोणी ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या) आणि पुढची सगळी बेटिंग संपली, की त्या डावातल्या सगळ्यांचे पत्ते लगेच उघडे होतात. दोन्ही पत्ते टेबलावर सरळ मांडा. पत्ते जे सांगतात तेच खरं. तोंडाने "स्ट्रेट" (ओळीने पाच पत्ते) म्हटलं आणि नसली तर ती मिळत नाही, आणि न ओळखलेला फ्लशही उघडा टेबलावर असेल तर मोजला जातो. म्हणूनच पॉट तुमच्याकडे सरकेपर्यंत जिंकलेले पत्ते सोडू नका.

लोकांना सगळ्यात जास्त काय खुपतं असं विचारलंत. माझ्या मते स्लो रोल. तुमच्याकडे सर्वांत मोठा हात आहे, समोरच्याने रिव्हरवर ऑल-इन केलं, आणि तुम्ही उगाच मिनिटभर कपाळाला आठ्या घालून मग कॉल करता. किंवा समोरच्याने दाखवलेली जोडी जिंकली असं त्याला वाटू देता आणि मग सावकाश पत्ते उलटता. नियमाने याला क्वचितच दंड होतो, पण टेबल ते विसरत नाही. मोठा हात लपवून आधीच्या फेऱ्यांत नुसते चेक-कॉल करणं वेगळं, तो डावपेच आहे. निर्णयासाठी काही उरलेलंच नसताना वेळ काढणं हा समोरच्याचा अपमान आहे.

बटणावरचा
वेळेबद्दल. साध्या निर्णयाला दहा सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका. अवघड निर्णयाला मिनिट, दीड मिनिट घेतलात तर समजूतदार टेबल काही म्हणत नाही. त्यापुढे कोणीही घड्याळ लावायला सांगू शकतं, आणि टूर्नामेंटच्या प्रचलित नियमांत मग २५ सेकंद आणि वर ५ सेकंदांची उलटी मोजणी मिळते. तेवढ्यात काही केलं नाही तर समोर बेट असल्यास हात फोल्ड, नसल्यास चेक. पण दुसऱ्यावर घड्याळ लावण्याची घाई करू नका. ज्याचा सगळा ढीग पणाला लागलाय त्याला विचार करू द्या. प्रत्येक डावात, अगदी पहिल्या फेरीतही नाट्यमय थांबणाऱ्याची गोष्ट वेगळी. नऊ जणांच्या टेबलावर प्रत्येकाने फक्त पाच सेकंद जास्त घेतले तरी एका फेरीत पाऊण मिनिट जातं. फोन हे त्याचं मुख्य कारण. हातात पत्ते असताना तो खाली.

एका मुद्द्यावर लोकांची मतं वेगळी आहेत. हरल्यावर समोरच्याचे न दाखवलेले पत्ते बघायची मागणी. कॉल झालेला हात बघायचा हक्क अनेक ठिकाणी नियमात आहे, पण तो आहे संगनमताचा संशय आल्यावर वापरण्यासाठी. रोजच्या कुतूहलासाठी तो वापरणं मला असभ्यच वाटतं.

इस्पिक_सत्ती
पैसे देऊन कॉल केला असेल तर बघण्यात गैर काय? त्या माहितीसाठीच चिप्स मोजल्या ना.

बटणावरचा
रिव्हरवर तुम्ही कॉल केलात तर बेट करणाऱ्याने आधी दाखवायचं, एवढं तुमचं आहेच, आणि ते शांतपणे मागा. मी म्हणतोय ते तिसऱ्याबद्दल, जो डावात नव्हता आणि तरी मागतो. "पुढचा पत्ता कोणता होता ते दाखवा" ही मागणीही अशीच. वेळ जातो, आणि टूर्नामेंटमध्ये तर ती चालतच नाही.

कमी खेळता येणाऱ्याला शिकवणं हीसुद्धा मोठी चूक. कोणी सत्ती-दुरी घेऊन तुमचे दोन एक्के मोडले, तर "छान" म्हणून पुढच्या डावाकडे वळा. व्याख्यान दिलंत तर तो दुखावतो किंवा सुधारतो. डीलरवर राग काढणं तर कुठल्याच टेबलावर खपवून घेऊ नये. पत्ते त्याने निवडलेले नसतात.

किलवर_नव्वी
घरच्या खेळाबद्दल कोणी लिहिलं नाही. तिथे डीलर आपणच, म्हणून थोडं जास्त सांभाळावं लागतं.

दोन वेगळ्या पाठीचे कॅट ठेवा. एक वाटला जात असताना दुसरा आधीच्या डीलरने पिसून ठेवायचा. तासाला बरेच जास्त डाव होतात. पिसणं नीट हवं. अर्धे-अर्धे करून एकमेकांत सरकवत पिसण्याचा अभ्यास बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये मांडला, आणि ५२ पत्ते पुरेसे मिसळायला अशा साधारण ७ वेळा पिसाव्या लागतात असं त्यातून निघालं. घरी दोन-तीनदा पिसून वाटतात, म्हणून मागच्या डावातले शेजारी पत्ते पुन्हा शेजारीच येतात. पिसताना कॅट टेबलाला टेकून, खालचा पत्ता कोणाला दिसणार नाही असा धरा. मग दुसऱ्याकडून कापून घ्या, आणि तळाला एक जाड रंगीत कार्ड लावा.

बसण्यापूर्वी चार गोष्टी ठरवा: ब्लाइंड किती, किती चिप्स घेऊन बसायचं (१०० बिग ब्लाइंड सोयीचे पडतात), पुन्हा कधी घेता येतील, आणि शेवट किती वाजता. शेवटची वेळ ठरलेली नसली की जिंकणाऱ्याने उठणं नेहमी वाईट दिसतं आणि हरणारा रात्रभर बसून राहतो. खेळ चालू असताना जिंकलेल्या चिप्स खिशात टाकू नका. त्या टेबलावरच राहतात, म्हणजे हरलेल्याला परत जिंकायची संधी राहते. उठायचंच असेल तर सगळ्या घेऊन उठा, आणि दोन डाव आधी सांगा.

उठून परत येताना ब्लाइंड चुकले असतील, तर बिग ब्लाइंड तुमच्यापर्यंत येईपर्यंत थांबा, किंवा चुकलेले दोन्ही भरून बसा. त्यात स्मॉल ब्लाइंड थेट पॉटमध्ये जातो आणि तुमच्या कॉलमध्ये धरला जात नाही.

मैत्रीपोटी मवाळ खेळू नका. रिव्हरवर शेवटची पाळी तुमची, हात हरूच शकत नाही, आणि मित्राला वाचवायला चेक केलंत, तर तो इतर सगळ्यांवर अन्याय आहे. टूर्नामेंटमध्ये यासाठी दंड करतात.

नवा_भिडू
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शेवटचं विचारतो. घरी वाटताना माझ्याकडूनच एखादा पत्ता उघडा पडला तर?

किलवर_नव्वी
लगेच सांगा, लपवू नका. पहिलाच पत्ता उघडा पडला किंवा दोन पडले, तर सगळे गोळा करून पुन्हा पिसा. मध्येच एक पडला असेल तर तो तिथेच उघडा राहू द्या आणि वाटप पूर्ण करा. मग कॅटच्या वरचा पत्ता त्या खेळाडूला द्या. उघडा पत्ता सगळ्यांना दाखवून कॅटवर पालथा ठेवा, फ्लॉपच्या आधी जाळायचा, म्हणजे न वापरता बाजूला टाकायचा, पत्ता म्हणून तोच वापरा. घरच्या टेबलावर हे पहिल्या डावाआधीच बोलून घ्या, कारण पत्ता उघडा पडल्यावर नियम ठरवायला बसलं की ज्याच्याकडे दोन एक्के आलेत त्याचं मत वेगळंच असतं.