४८ गुणांवाला घरी, ३८ वाला फायनलला! ह्याला लीग म्हणायचं?

मूळ पोस्ट: कॅम्पातला_नऊनंबर

वरची ओरड गोवावाल्यांची, इंडियन सुपर लीग (आयएसएल) फुटबॉलच्या २०२४-२५ सीझनबद्दल. गुणतालिकेत पहिला येतो त्याला शील्ड. ही शील्ड म्हणजे हजेरीचं बक्षीस. वर्षभर शाळेत आला म्हणून देतात तसलं. खरा चॅम्पियन प्ले-ऑफमध्ये, म्हणजे वरच्या सहांच्या बाद फेरीत ठरतो, आणि कप त्याला. ६ एप्रिलला सेमीत गोव्याच्या घरच्या मैदानात, मडगावच्या फातोर्ड्यात, बंगळूरच्या सुनील छेत्रीनं ९०+२ ला हेडर मारला, विषय तिथंच संपला. फायनलला कोलकात्याच्या मोहन बागानला एक्स्ट्रा टाइमपर्यंत पळवलं. आमच्या चिंगलेनसानाच्या हाताला बॉल लागला नसता तर कप बंगळूरला आला असता. गोवावाल्यांनी आता रडगाणं बंद करावं.

चोर्लामार्गे_फातोर्डा

हजेरीचं बक्षीस म्हणे. हे वाचून गप्प बसवेना. हिशोब मांडतो, भांडायचं तर आकड्यांशी भांड.

२०२४-२५ ला १३ संघ. प्रत्येकाचे २४ सामने, सगळे मिळून १५६. त्यातून निघालं काय? मोहन बागान ५६, गोवा ४८, मग एकदम ३८ वर तिघं: बंगळूर, नॉर्थईस्ट, जमशेदपूर. मुंबई ३६. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात १० गुण. तीन विजय आणि वर एक बरोबरी. सप्टेंबर ते मार्च राबून हा फरक केलेला, आणि प्ले-ऑफ लागले की त्याची किंमत शून्य. सगळ्यांची पाटी कोरी.

बंगळूर-गोवा सेमी बघ. २ एप्रिल, बंगळूरचं कंठीरवा: ४२ व्या मिनिटाला गोव्याच्या झिंगनचा स्वतःच्याच जाळीत गोल, ५१ ला त्यांचा मेंडेझ. ०-२. चार दिवसांनी फातोर्ड्यात गोव्याकडून ४९ ला बोर्हा हेरेरा, ८८ ला सादिकू, दोन्ही सामने मिळून २-२. एक्स्ट्रा टाइम समोर दिसत असताना छेत्रीचा हेडर. ३-२. एक स्वयंगोल आणि एक हेडर, ह्या दोन चेंडूंनी २४ सामन्यांचं काम पुसलं.

आणि हे एकाच वर्षाचं नाही. शील्ड २०१९-२० ला आली, तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत सहा सीझन झाले. शील्डवाल्यानंच कप उचलला असं फक्त दोनदा: २०२०-२१ ला मुंबई, आणि २०२४-२५ ला बागान. पहिली शील्ड गोव्याचीच, १८ सामन्यांत ३९ गुण. सेमीला चेन्नईयिननं ६-५ नं बाहेर काढलं. फायनल फातोर्ड्यातच झाली, पण गोवा त्यात नाही आणि करोनामुळं स्टँडात माणूस नाही.

सहापैकी चार वेळा लीगमध्ये पहिला आलेला कपाला मुकतो. चूक संघाची का पद्धतीची, तूच सांग.

कॅम्पातला_नऊनंबर

आकडे मस्त पाठ आहेत. आता न सांगितलेले मी सांगतो.

पहिल्या दोघांना थेट सेमी होती. तिसऱ्या ते सहाव्याला एक सामना जास्त, हरला की घरी. बंगळूरनं ११ मार्चला ह्याच मुंबईकडून घरात ०-२ खाल्ला होता. २९ ला तिलाच ५-० धुतली. मग २ ला गोवा, ६ ला परत गोवा, १२ ला कोलकाता. पंधरा दिवसांत चार सामने. आणि गोवा? ८ मार्चला बागानशी ०-२ हरलं, ते थेट २ एप्रिलला मैदानात. २५ दिवस आराम, वर सेमीचा दुसरा लेग, म्हणजे परतीचा सामना, घरात. ह्याहून जास्त काय पाहिजे? ताटात वाढून देऊ?

आणि बक्षीस बघ की. २०२४-२५ ला कपाला ६ कोटी, शील्डला साडेतीन. लीगवाल्यांनाच माहीत आहे मोठं काय ते.

निपाणीचा_सेंटरबॅक

२५ दिवसांचा आराम नव्हे, गंज. मधल्या सुट्टीत भारताचे सामने शिलाँगला, १९ ला मालदीव आणि २५ ला बांगलादेश. तेव्हा भारताचा कोच कोण? मानोलो मार्केझ. गोव्याचा कोच कोण? तोच. सेमीच्या तोंडावर मास्तरच दुसऱ्या वर्गावर.

कॅम्पातला_नऊनंबर

छेत्री पण शिलाँगलाच होता की. निवृत्ती मागं घेऊन, चाळिशीत. तो गंजला नाही. त्या सीझनला १४ गोल मारलेत, भारतीयांत सगळ्यांत जास्त.

चोर्लामार्गे_फातोर्डा

कोट्यांचा मुद्दा घेऊ. पैसे कपाला जास्त, पण त्या सीझनवरून आशियाई स्पर्धेत थेट कोण गेलं? शील्डवाला. आशियाई चॅम्पियन्स लीग टूची थेट जागा तिकडं होती. एएफसीला, म्हणजे आशियाई फुटबॉल संघटनेला, तुमच्या ६ कोटींचं काही पडलेलं नाही, ती गुणतालिका बघते.

शहापूरची_शिट्टी

दोघांचंही अर्धं बरोबर, अर्धं चूक. दोन लेगच्या सेमीत वरच्या नंबराला खरा फायदा एकच, दुसरा लेग घरात. तोही बरोबरी झाली तरच कामाला येतो, कारण एक्स्ट्रा टाइम घरच्या लोकांपुढं मिळतो. पहिल्याच लेगला ०-२ खाल्लं की दुसऱ्या लेगला उघडून खेळावं लागतं, मागं जागा सुटते. फातोर्ड्यात तेच झालं. ८८ ला बरोबरी झाल्यावर चार मिनिटं बॉल कोपऱ्यात धरायचा सोडून गोव्याची लाइन वरच राहिली.

उपाय साधा आहे. एकूण गोल बरोबर झाले तर तालिकेत वर असलेला पुढं. एक्स्ट्रा टाइम नाही, पेनल्टी नाही. मग २४ सामन्यांना काहीतरी वजन येतं. बागानपण काठावरच वाचलं हे विसरू नका. जमशेदपूरला १-२, घरात २-०, आणि दुसरा गोल आपुइयाचा, तोही भरपाईच्या वेळेत, लांबून.

पण माझा प्रश्न वेगळा. बंगळूर तिसरं कसं? गोलफरक नॉर्थईस्टचा सरस होता. त्यांच्या एकट्या अजाराईचे २३ गोल, लीगचा विक्रम. तरी बंगळूरला घरात मुंबई मिळाली आणि नॉर्थईस्टला जमशेदपूर, ज्यांनी त्यांना ०-२ नं घरी बसवलं. आधी आपसातले सामने आणि मग गोलफरक, हा नियम मुळात चूक आहे.

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

चूक कशी? दोघांचे गुण सारखे, तर आधी त्या दोघांच्यात कोण जिंकलं ते बघायचं. ह्याहून सरळ काय असतं?

शहापूरची_शिट्टी

सरळ नाही. २०१८-१९ आठवा. बंगळूर ३४, गोवा ३४. गोव्याचा गोलफरक अधिक १६, बंगळूरचा अधिक ७. पण बंगळूरनं गोव्याला तिकडं २-१ आणि इकडं ३-० हरवलेलं. म्हणून बंगळूर पहिलं. बाकी १६ सामन्यांत गोव्यानं जास्त कमावलं आणि दोन सामन्यांत गमावलं. मग ते १६ कशाला खेळायचे?

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

कारण गोलफरकात कचरा शिरतो. सीझनच्या सुरुवातीला एखाद्या संघाचा मालक बदलायलाय, परदेशी खेळाडू आलेले नाहीत, सराव नाही. तेव्हा ज्याची गाठ पडली तो चार-पाच गोल ठोकून जातो. तोच संघ फेब्रुवारीत सावरला की दुसऱ्याला ०-० वर अडवतो. दोघांच्या फरकात चार गोलांचं अंतर, आणि ते फक्त तारखेमुळं. आपसातल्या सामन्यात असलं काही नसतं.

आपल्याकडच्या स्पर्धांत तर हे रोजचं. चार संघांचा गट, एक संघ पावसामुळं नाहीतर पोरांच्या परीक्षेमुळं येत नाही, वॉकओव्हर दिला की स्कोअर ३-०. ज्यांनी त्याला आधीच खेळून कसाबसा १-० नं हरवलं ते मागं, आणि बसून ३-० मिळवलेले पुढं. मग कमिटीच्या टेबलाभोवती मारामारी. म्हणून वॉकओव्हर झाला की त्या संघाचे सगळेच निकाल पुसायचे, झालेलेसुद्धा. हे स्पर्धेच्या आधी कागदावर लिहून कॅप्टनांच्या सह्या घ्यायच्या. नंतर सांगितलं तर कोण ऐकत नाही.

निपाणीचा_सेंटरबॅक

तीन संघ सारखे झाले की तुमचा आपसातला नियम गळ्यात अडकतो. अ नं ब ला, ब नं क ला, क नं अ ला, सगळे १-०. आता काय, चिठ्ठ्या?

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

तिघांची वेगळी छोटी तालिका करायची. दोन फेऱ्यांची लीग असेल तर प्रत्येकाचे चार सामने, जास्तीत जास्त १२ गुण. आधी गुण, मग त्याच सामन्यांतला गोलफरक. तरी सुटलं नाही तर मोठ्या तालिकेचा गोलफरक. तुम्ही सांगायलाय तो एका फेरीचा गट, तिथं हा नियम लुळा पडतो हे मान्य. एका फेरीला आधी गोलफरकच लावावा. पण २०२४-२५ ची आयएसएल दोन फेऱ्यांची होती.

शहापूरची_शिट्टी

म्हणजे मान्य केलंत.

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

एका फेरीपुरतं. अर्धं वाक्य उचलून नाचू नका.

हिंडलगा_राइटविंग

कमिटीवाले, एवढं येतं तर १३ संघांचं वेळापत्रक कसं बसतं तेपण सांगा. आमच्या टर्फवर ७ संघांची लीग, दर वर्षी कोणतरी सलग तीन आठवडे बसून राहतो.

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

विषम संख्या असली की एक खोटा संघ धरायचा. ७ चे ८. दोन ओळी करायच्या, वर १ २ ३ ४, खाली ८ ७ ६ ५. वरचा खालच्याशी खेळतो. पुढच्या फेरीला १ नंबर जागेवरच ठेवायचा, बाकीचे सगळे एकेक घर घड्याळाच्या दिशेनं सरकवायचे. ८ खोटा, त्याच्या समोर जो येईल त्याला सुट्टी. सात फेऱ्यांत प्रत्येकाला एकच सुट्टी मिळते, दोन कधीच नाही. तीन आठवडे बसतो म्हणजे कोणतरी हातानं मोडतोड करायलाय, बहुतेक ज्याचा टर्फ त्याच्या संघासाठी. १३ चंही तेच. १४ धरायचे, दुहेरीला २६ फेऱ्या, प्रत्येकाला दोन सुट्ट्या.

शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी घ्या, दोन टर्फ भाड्यानं घ्यावे लागले तरी. नाहीतर १९८२ च्या वर्ल्ड कपला स्पेनमधल्या हिखॉनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियानं केलं ते तुमच्याकडं होणार. १-० झाल्यावर दोघांचंही काम झालं, मग बॉल इकडून तिकडं.

कॅम्पातला_नऊनंबर

धागा माझा, आणि कमिटीनं फिक्स्चरचा क्लास लावलाय. मूळ मुद्द्याला कोणी हात लावेना. शेवटच्या फेरीचं निघालंच आहे तर ऐका. प्ले-ऑफ नसते तर त्या सीझनला फेब्रुवारीतच दुकान बंद झालं असतं. २३ फेब्रुवारीला बागानच्या पेत्रातोसनं ओडिशाविरुद्ध शेवटाला गोल मारला आणि शील्ड संपली. पुढं अडीच आठवडे सामने होते. खाली उतरायची भीती नव्हती, कारण तेव्हा आयएसएलमधून कोणी खाली जात नव्हतं. मोहमेडन १३ गुणांवर तळाला, तरी जागेवर. मग मधल्या सात-आठ संघांनी खेळायचं कशासाठी? सहाव्या जागेसाठीच ना? ११ मार्चपर्यंत मुंबई धावत होती ती त्या सहाव्या जागेपायी.

चोर्लामार्गे_फातोर्डा

१३ पैकी ६ आत घेणार म्हणजे जवळजवळ अर्धा वर्ग पास. मग शेवटपर्यंत चुरस राहणारच. त्यापेक्षा खालच्या दोघांना आय-लीगला, म्हणजे खालच्या लीगला, पाठवा, बघा मार्चमध्ये कसे पळतात. प्ले-ऑफ हा दुखण्यावरचा उपाय नाही, नुसती गोळी आहे.

आणि तुला बंगळूरचा एवढा पुळका का, ते तर सगळ्यांना कळतंय. बंगळूरच्या कुठल्या स्टँडात बेळगावचं नाव घेतात सांग. ५०० किलोमीटर लांब. मडगाव घाट उतरला की आलं.

कॅम्पातला_नऊनंबर

आला मूळ पदावर. आता संघ पण नकाशा बघून निवडायचा काय? २०१९ च्या फायनलला गोव्याच्या जाळीत ११७ व्या मिनिटाला हेडर कुणी मारला? राहुल भेकेनं. मुंबईचा मराठी पोरगा, बंगळूरच्या जर्सीत. आणि २०२४-२५ ला तो परत बंगळूरलाच होता. तेव्हा कुठं होता तुझा घाट?

शहापूरची_शिट्टी

सीमावाद इथं नको. दोघांनाही एकेक पिवळं.

निपाणीचा_सेंटरबॅक

एक विचारू का, चोर्लामार्गे? ३ मे ला भुवनेश्वरला गोव्यानं सुपर कप घेतला, जमशेदपूरवर ३-०. त्या रात्री इथं फटाक्यांचे फोटो तूच टाकलेलास. सुपर कप पहिल्या सामन्यापासून बाद फेरी. गोकुळम, पंजाब, बागान, जमशेदपूर, चार सामने आणि कप. पंजाबशी तर मागं पडलेलं, अगदी शेवटाला दोन गोल मारून सुटले. त्या वेळी बाद फेरी चालली, आं?

कॅम्पातला_नऊनंबर

😂😂 आणि सेमीला बागाननं पोरंसोरं उतरवलेली, तेपण लिहा.

चोर्लामार्गे_फातोर्डा

सुपर कप स्वतःला लीग म्हणवत नाही. नावातच कप आहे. बाद फेरीला बाद फेरी म्हणा, माझी तक्रार नाही. २४ सामन्यांची लीग खेळवून शेवटी चॅम्पियन बाद फेरीतून काढायचा, तक्रार त्याची आहे.

बरं, फटाके मीच लावलेले. शिट्टीवाल्यांचा उपाय तेवढा घ्या, एकूण बरोबरीला वरचा पुढं. मग ठेवा तुमचे प्ले-ऑफ.

कॅम्पातला_नऊनंबर

त्या उपायानं पण गोवा बाहेरच होतं, साहेब. ३-२ होता. बरोबरी नव्हती.

शहापूरची_शिट्टी

ते खरं. पण ८८ ला बरोबरी झाल्यावर गोव्याला तेवढंच पुरेसं असतं, तर लाइन वर राहिली नसती. सगळे पेनल्टीच्या पेटीत बसले असते आणि छेत्रीला तो हेडर मोकळा मिळाला नसता.

कॅम्पातला_नऊनंबर

पेटीत दहा जण असले तरी त्यानं मारलाच असता.

खानापूर_फिक्स्चर_कमिटी

हिंडलगावाले, वेळापत्रक बसलं का? खोटा संघ ८ नंबरला टाका, १ ला नको. १ नंबर हलत नाही, तिथं खोटा टाकला तर प्रत्येक फेरीला सुट्टी पहिल्याच टर्फच्या रकान्यात येते आणि तो टर्फ सात आठवडे रिकामा पडतो. भाडं तरी भरावंच लागणार.