लांडगा बघायला गेलात? दिसला का? अनुभव लिहा

लेकीची शाळेची ट्रिप बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेली होती, घरी आल्यावर पहिला प्रश्न, "बाबा, लांडगा कुठे असतो?" बोरिवलीत नसतो एवढंच सांगता आलं. वाघाच्या गप्पा आपण सगळेच मारतो, पण लांडग्यासाठी मुद्दाम कोणी गेलंय का? नसेल दिसला तरी लिहा.

दादर
आम्ही डिसेंबरात वेळावदरला, म्हणजे गुजरातमधल्या काळविटांच्या नॅशनल पार्कात गेलेलो. वांद्र्याहून भावनगरची ट्रेन, पुढे गाडी. पार्क जेमतेम ३४ चौरस किमी, पण सगळं गवतच त्यामुळे संपतच नाही असं वाटतं. पहिला दिवस नुसते काळवीट. सासूबाई म्हणाल्या, हरणंच बघायची तर राणीची बाग काय वाईट होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाईड म्हणाला, लांडगा शोधू नका, काळविटांची तोंडं बघा. आणि खरंच थोड्या वेळाने चरणारा अख्खा कळप माना वर करून एकाच दिशेला बघत खांबासारखा उभा! तिकडे बघितलं तर गवताच्याच रंगाचे दोघं, काही घाई नसल्यासारखे दुडक्या चालीने चाललेले. मागचा थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि गेला. वीस सेकंद असतील, माझ्या लेन्सची कॅपसुद्धा निघाली नव्हती. सासूबाई: "हा तर आपल्या गल्लीतला मोत्या." काय चुकलं त्यांचं, आपला लांडगा असतोच सडपातळ, पायाने उंच, फोटोतल्यासारखा केसाळ नाही.

मुलुंड
तिथेच दोनदा, दोन्ही वेळा शून्य. त्यातून एकदा जुलैत गेलेलो. पावसाळ्यात पार्क बंद असतो हे गेटवर कळलं, बायको अजून ऐकवते.

गिरगाव
मुलाकडे अमेरिकेत असताना फेब्रुवारीत यलोस्टोनला गेलो, लामार व्हॅली. पहाटे अंधारात रस्त्याकडेला उभं राहायचं, दोन स्वेटर, जॅकेट, वर आपली माकडटोपी, तरी दात वाजतायत. तिथले लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले होते, मग १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणून सोडले, ही सगळी हकीकत तिथे रोज येणाऱ्या एका आजोबांनी सांगितली आणि स्वतःच्या स्कोपमधून, म्हणजे मोठ्या दुर्बिणीतून, बघूही दिलं. बर्फावर मुंगीएवढे पाच ठिपके. मग त्यातला एक ओरडला, आवाज पोचायला मध्ये जरा वेळ गेला. थंडी विसरलो.

विक्रोळी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री "लांडगा आला" म्हणून व्हिडिओ, लगेच वॉचमनला फोन, मुलांना खाली सोडू नका वगैरे. खाडीतल्या तिवरांतला कोल्हा निघाला. बिचारा.

ठाणे
माझं गाव इंदापूरकडे. कडबनवाडीला आता वनखात्याची गवताळ सफारी आहे, मुंबई-पुण्याची मंडळी पैसे भरून लांडगा बघायला येतात. आम्ही लहानपणी त्याला हाकलायला मेंढरांजवळ काठी घेऊन झोपायचो, तरी हा गडी आवाज न करता कोकरू उचलायचा, कळायचं ते सकाळी मोजताना. गेल्या महिन्यात चुलत्यांना सफारीचं सांगितलं तर म्हणाले, "मग त्यातनं आमच्या मेंढरांचे पैसे वळते कर म्हणावं त्याला."